पॉइंटमधली फट

डेल्कोच्या, म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या, टोपीला दोन क्लिपा असतात. अंगठ्याने मागे रेटल्या की टक् टक् करून सुटतात आणि टोपी पाच जाड वायरींसकट बाजूला लोंबते. आतला रोटर वर उपसला की खाली पॉइंट दिसतात. एक बारीकशी स्प्रिंगची पाती, तिच्या टोकाला मसुरीच्या दाण्याएवढी टंगस्टनची टिकली, समोर तशीच दुसरी. मधल्या दांड्यावरचा कॅम फिरतो, त्याचा उंचवटा पातीच्या टाचेला लागतो आणि टिकल्या एकमेकींपासून सुटतात. सुटतात म्हणजे किती, तर अर्ध्या मिलिमीटरहून जराशा कमीच. आमच्या फियाटचं सगळं सुखदुःख इतकी वर्षं या फटीत मावलं होतं.

फियाट म्हणजे खरं तर प्रीमियर पद्मिनी, पण त्या नावाने तिला हिंगोलीत कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीचं इंजिन, चार सिलिंडर, फायरिंगचा क्रम एक-तीन-चार-दोन. वडील डॉक्टर. त्यांनी गाडी घेतली तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यातला एक तालुका होती. स्वतंत्र जिल्हा व्हायला १ मे १९९९ उजाडावा लागला. गाडी तोवर चांगली मुरली होती. लोक आता तिला ‘विंटेज’ म्हणून फोटो काढतात. मी विरोध करत नाही, पण २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार त्या मानासाठी पन्नास वर्षं पुरी व्हावी लागतात आणि इंजिन-चासीत मोठा फेरफार चालत नाही. शिवाय एकदा विंटेज ठरली की रोजच्या कामाला रस्त्यावर काढायची सोय संपली. त्यापेक्षा नुसतं जुनं असणं बरं. जुन्या गाडीत भाजी आणता येते.

पॉइंटचं काम एका ओळीत सांगता येतं: वीज तोडणं. ठिणगी वीज जोडल्यावर पडते असा आपला समज असतो, पण इथे उलटं आहे. टिकल्या मिटलेल्या असताना बारा व्होल्टची वीज कॉइलमधून वाहते आणि कॉइल चुंबक होऊन बसते. टिकल्या सुटल्या की ते चुंबकत्व क्षणात कोसळतं, आणि त्या कोसळण्यातून दुसऱ्या गुंडाळीत पंधरा-वीस हजार व्होल्ट उसळतात. ते रोटरवाटे त्या त्या प्लगला जातात. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर डेल्कोचा दांडा पंधराशे घेतो, प्रत्येक फेऱ्यात चार वेळा फट उघडते. म्हणजे सेकंदाला शंभर वेळा. कळमनुरी, आखाडा बाळापूर, अर्धापूर करत नांदेड गाठायला दोन तास धरले, तर पोहोचेपर्यंत त्या दोन टिकल्यांनी सात लाखांच्या वर वेळा एकमेकींना सोडलेलं असतं. अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने ही रचना बसवली आणि १९१० च्या कॅडिलॅकमध्ये ती आली. डेल्को हे नाव त्याच्याच कंपनीचं. पुढची सत्तर वर्षं जगात बरंच काही घडलं, पण आमच्या बॉनेटखाली केटरिंगच नांदत होता.

इतक्या वेळा सोडायचं म्हणजे झिजणं आलंच. सुटताना टिकल्यांमध्ये बारीक ठिणगी उडते. ती आवरायला शेजारी कंडेन्सर असतो, तरी थोडी उडतेच. मग एका टिकलीवरचा धातू कणाकणाने दुसरीवर जातो. एकीवर खळगा पडतो, दुसरीवर टेंगूळ येतं. रिसाला बाजारच्या बाजूला ज्यांचं गॅरेज होतं, त्या उस्तादांचा यात हातखंडा होता. पॉइंट उन्हाकडे धरून ते टेंगूळ कोणत्या बाजूला आलंय ते पाहायचे. पाहता पाहता म्हणायचे, “कंडेन्सर बदला भैया. पॉइंटचा गुन्हा नाही यात.” मला हे फार मोठं शहाणपण वाटायचं. खळगा कुठे पडलाय त्यावरून दोष तिसऱ्याचाच आहे हे ओळखणं, हे कोर्टातसुद्धा रोज साधत नाही.

टाच झिजली की फट कमी होते. फट कमी झाली की टिकल्या उशिरा सुटतात, ठिणगी मागे पडते, गाडी जड होते. चढाला दम लागतो, सकाळी चोक ओढूनही दोनदा खोकते, पेट्रोल जास्त पिते. हे सगळं हळूहळू. घरात आईसुद्धा सांगायची, “आवाज बदललाय गाडीचा.” मग एखाद्या रविवारी उस्ताद झिरो नंबरचा पॉलिश पेपर घेऊन बसायचे. फिलर गेजची पाती फटीत सारायची, स्क्रू किंचित ढिला, किंचित घट्ट. पाती निघताना जरा धरल्यासारखी वाटली पाहिजे. सैल निघाली तरी चूक, अडकली तरी चूक. टायमिंगला त्यांच्याकडे पतंगाच्या कागदाची पट्टी असायची. ती मिटलेल्या टिकल्यांत धरून डेल्को हाताने हलकेच फिरवायचा. ज्या क्षणी कागद सुटतो तो ठिणगीचा क्षण. पतंगाचा कागद मिळाला नाही तर चाचणीचा बल्ब, आणि रस्त्यात काहीच नसेल तर काडेपेटीची बाजू आणि पोस्टकार्डाची घडी. ज्या गाडीची दुरुस्ती काडेपेटी आणि पोस्टकार्डावर होते तिच्यावर माझा अजूनही जीव आहे.

हा जीव मात्र उस्तादांना मान्य नव्हता.

गेल्या काही वर्षांत त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. लांबचं लख्ख दिसायला लागलं, जवळचं मात्र चष्म्यावर गेलं. हात तसेच. पण पॉइंटचा तो इवलासा स्क्रू त्यांच्या बोटांतून निसटून डेल्कोच्या पोटात पडला, आणि तो चुंबकाच्या काडीने शोधताना त्यांनी पहिल्यांदा मला स्क्रू-ड्रायव्हर दिला. “मला फट दिसंना गेलीय भैया. आता हाल सेन्सर बसवून टाका. स्कूटरीतले पॉइंट जाऊन जमाना झाला, तुम्ही कामून धरून बसलाव?”

मी म्हणालो, पॉइंटची मजा वेगळी असते. आपल्याला उमजतं, हाताने नीट करता येतं.

उस्ताद चष्मा पुसत होते. “रात्री दोन वाजता सेनगावच्या रस्त्याला, पावसात, बाळंतीण मागं बसवून डॉक्टरसाहेब पॉइंट घासायलेत. बॅटरी कंपाउंडरच्या हातात. मजा कुणाला आली?” मग म्हणाले, “तुम्ही लहान होता. घरी झोपला असाल.”

याला उत्तर नव्हतं. जुन्या यंत्रांचं प्रेम बहुतेक वेळा मागच्या सीटवर बसलेल्यांना असतं. ज्यांनी त्यांच्याखाली चिखलात पाठ टेकली, ते पहिली संधी मिळताच ती बदलून टाकतात आणि वर हसतात.

मुंबईहून कुरियरने डबी आली. आत एक काळा ठोकळा, पेरभर लांबीचा, आणि एक प्लॅस्टिकची कडी, जिच्यात चार चुंबकं दडवलेली. पॉइंट काढले, कंडेन्सर काढला, त्या जागी ठोकळा बसला. कडी कॅमवर दाबून बसवली, वर रोटर. लाल वायर कॉइलच्या प्लसला, काळी मायनसला. ही अदलाबदल झाली तर ठोकळा तिथल्या तिथे जळतो, म्हणून उस्तादांनी मला दोनदा मोठ्याने वाचायला लावलं. ज्या माणसाने आयुष्यभर स्पर्शाने काम केलं तो आता कागद वाचून घेत होता. प्रत्येक चुंबक समोरून गेला की ठोकळ्याला कळतं आणि तो वीज तोडतो. टेकणं नाही, घासणं नाही, म्हणून झिजणंही नाही. डेल्कोचा दांडा जुनाट होऊन थोडा डुलायला लागला की पॉइंटची फट प्रत्येक सिलिंडरला वेगळी पडायची. ठोकळ्याला त्या डुलण्याचं तितकंसं सोयरसुतक नाही.

गंमत म्हणजे ही नवी म्हणून बसवलेली वस्तू तत्त्वाने जुनीपेक्षा जुनी आहे. वाहत्या विजेजवळ चुंबक आणला की विजेच्या वाटेला आडवा एक छोटासा दाब तयार होतो, हे एडविन हॉल नावाच्या विद्यार्थ्याने बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सोन्याच्या पातळ वर्खावर पाहिलं, तेव्हा साल होतं १८७९. केटरिंगचा डेल्को त्यानंतर तीस वर्षांनी आला. हॉलचा दाब इतका क्षीण की त्याला बळ द्यायला ट्रान्झिस्टर लागला, आणि तो जन्मला १९४७ च्या डिसेंबरात. तोवर टंगस्टनच्या टिकल्यांनी जगभरच्या गाड्या ओढल्या.

टायमिंग पुन्हा लावावं लागलं. पतंगाचा कागद इथे कामाचा नाही, धरायला काही मिटतच नाही. उस्तादांनी कानाने लावलं: डेल्को थोडा पुढे, इंजिन खुललं, आणखी पुढे, खडखडलं, जरासा मागे, आणि बोल्ट आवळला. डोळे गेले तरी कान शाबूत होते. अर्ध्या सेल्फला गाडी लागली आणि आरामात चालू राहिली. पूर्वी सिग्नलला उभी असताना आरसा थरथरायचा, त्यात मागची बस दोन दिसायची. आता एक दिसते.

औंढ्यापर्यंत चक्कर मारून आलो. मार्चचे दिवस, वाटेत शेतांत हळद शिजत होती आणि तो वास खिडकीतून आत येत होता. चढावर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये कुरकुर न करता गेली. औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगोची, म्हणजे गुरुत्वलहरी टिपणारी, वेधशाळा व्हायची आहे. केंद्राने २०२३ मध्ये २,६०० कोटींची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांच्या लांबीतला प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाएवढा फरक टिपायचा. मी हे उस्तादांना सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे तिथं बी फटच.” मग बराच वेळ बाहेर बघत बसले.

जुन्या पॉइंटचा सेट डिकीत ठेवावा, असं गाडीवाले मित्र बजावतात. ठोकळा आजारी पडत नाही, तो एकदम जातो; खोकणं, दम लागणं, आईने ओळखावं असा आवाज बदलणं, काही नाही. चावी चालू ठेवून गाडी बंद ठेवली तरी तो भाजू शकतो. म्हणून सोबत पॉइंट हवेत, कंडेन्सर हवा. मी सेट कागदात गुंडाळायला घेतला तेव्हा उस्ताद म्हणाले, “ठेवा की. पण रस्त्यात बसवणार कोण?” त्यांचा मुलगा इंजेक्शनच्या गाड्या लॅपटॉप लावून बघतो, त्याने आयुष्यात फिलर गेज धरलेला नाही. मला जमतं, पण दिवसा आणि घरात. त्यापेक्षा दुसरा ठोकळा घेऊन ठेवणं स्वस्त पडेल, असं त्यांचं रोखठोक मत पडलं, आणि मी तो मागवला.

पैसे देताना त्यांनी बॉनेट पुन्हा उघडायला लावलं. डेल्कोकडे पाहिलंही नाही. कार्ब्युरेटरच्या तळाशी बोट फिरवून ओलसर बोट मला दाखवलं. “हे आता नवं. पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल आलंय, जुनं रबर खातंय. पंपाचा डायफ्राम, पाइपं, सगळं बदलून घ्यावं लागतंय. पुढच्या रविवारी आणा. आणि येताना चष्मा घेऊन या तुमचा बी.”