गल्ल्याशेजारची फळी

ती तीन फूट लांब आहे आणि जेमतेम नऊ इंच खोल. एका बाजूला गल्ला, समोर दार, डोक्यावर ट्यूबलाइट. भिलाईच्या सेक्टरांमधल्या बाजारात पुस्तकाचं दुकान म्हणजे मुख्यतः शाळेची पुस्तकं, वह्या आणि स्पर्धा परीक्षांची गाइडं. आतल्या फळ्या त्यांनी छतापर्यंत भरलेल्या असतात. त्या फळ्यांकडे गिऱ्हाईक यादी घेऊन येतं आणि यादी संपली की निघून जातं. गल्ल्याशेजारच्या फळीकडे यादी घेऊन कोणीच येत नाही. दुकानदार सुटे पैसे मोजून देईपर्यंत माणसाची नजर तिच्यावरून फिरते, तेवढाच तिचा वेळ. पण गावातल्या स्वखर्चाने पुस्तक काढणाऱ्या प्रत्येक लेखकाचा जीव त्या अर्ध्या मिनिटात अडकलेला असतो.

असे लेखक भिलाईत पुष्कळ आहेत, आणि त्याला कारण आहे. सोव्हिएत संघाशी 1955 साली इथल्या पोलाद कारखान्याचा करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि या माळावर सगळा देश नोकरीला आला. आंध्रातून, बंगालमधून, केरळातून, पंजाबातून. तशीच नागपूर, भंडारा, गोंदियाकडची मराठी कुटुंबंही आली. आयुष्यभर तीन पाळ्यांत काम केलेली ही माणसं निवृत्तीनंतर वही उघडतात. कोणी तेलुगूत लिहितो, कोणी छत्तीसगढीत, कोणी हिंदीत, कोणी मराठीत. कोणाच्या कविता, कोणाच्या कारखान्यातल्या आठवणी, कोणाचं नर्मदा परिक्रमेचं वर्णन. मोठा प्रकाशक लांब, त्याचं उत्तर त्याहून लांब. मग हाताशी आलेल्या पैशांतून तीनशे-पाचशे प्रती छापून घेतल्या जातात आणि एका सकाळी कापडी पिशवीत दहा प्रती घालून लेखक दुकानात येतो. इथली रेल मिल जोडून 260 मीटर लांबीचे रूळ बाहेर पाठवते. त्या गावातल्या लेखकांना मात्र तीन फुटांत जागा शोधावी लागते.

फळीचा स्वभाव समजून घ्यायचा तर आधी तिचं गणित समजून घ्यावं. तीन फूट म्हणजे साधारण 91 सेंटिमीटर. दीड सेंटिमीटर जाडीची पुस्तकं कणा बाहेर करून उभी लावली, तर साठ मावतात. मुखपृष्ठ दिसेल अशी लावली, तर डेमी आकाराच्या पुस्तकाची रुंदी 14 सेंटिमीटर धरून फक्त सहा. म्हणजे एका पुस्तकाने तोंड दाखवायचं ठरवलं की त्याच्यामागे नऊ पुस्तकांची जागा जाते. जो लेखक दुकानदाराला ‘जरा समोर दिसेल असं लावा’ म्हणतो, तो नकळत आपल्याच नऊ सोबत्यांना उठवत असतो. फळीला याचा हिशेब पाठ असतो. ती कोणाला हिणवत नाही, कोणाची भीडही धरत नाही. पुस्तक किती जागा घेतं आणि त्या जागेचं किती भाडं भरतं, एवढंच ती पाहते.

भाडं म्हणजे कमिशन. दोनशे रुपयांच्या पुस्तकावर चाळीस टक्के कमिशन धरलं, तर विक्री झाल्यावर दुकानदाराला ऐंशी रुपये मिळतात. लेखकाला उरतात एकशे वीस, त्यातून छपाई वजा जाते. व्यवहार बहुधा जाकड असतो. माल ठेवून जायचं, विकला तर पैसे, नाही तर परत. ‘रख जाइए, देखते हैं,’ असं दुकानदार म्हणतो आणि एका चिठ्ठीवर प्रतींची संख्या लिहितो. तीच चिठ्ठी पुढे दोघांच्या संबंधांची कसोटी ठरते. सहा महिन्यांनी लेखक येतो तेव्हा चिठ्ठी सापडत नाही, दोन प्रती कुठे गेल्या ते कळत नाही, उरलेल्यांचे कोपरे दुमडलेले असतात. लेखकाला वाटतं, आपल्या पुस्तकाची हेळसांड झाली. दुकानदाराला वाटतं, न विकणाऱ्या मालासाठी सहा महिने जागा अडकली. दोघांचंही खरं असतं.

फळीच्या आवडीनिवडी ठाम आहेत. मधोमध पिना मारलेला पातळ संग्रह तिला सांभाळता येत नाही. त्याला कणा नसतो, म्हणून उभं केल्यावर नाव दिसत नाही आणि दोन जाड पुस्तकांच्या मधे तो नाहीसा होतो. कण्यावर नाव उलटं छापलेलं, किंमत न घातलेली, आयएसबीएन नसलेली पुस्तकं ती चटकन मागे ढकलते. आयएसबीएन आपल्या देशात सरकारकडून विनामूल्य मिळतो आणि व्यक्तीलाही मिळतो. तरीही कितीतरी लेखक त्याच्याविना छापतात. वजन, कागद, ठसठशीत नाव, परवडेल अशी किंमत, इतक्या साध्या गोष्टी ती मागते.

तिची वर्षाची दिनदर्शिकाही ठरलेली आहे. उन्हाळा संपून शाळा उघडेपर्यंत तिच्यावर कव्हरचे रोल, नावाच्या चिठ्ठ्या आणि कंपासपेट्या चढतात. साहित्याला तेव्हा जागा नसते. गणपतीनंतर ती मोकळी होऊ लागते. 28 नोव्हेंबरला छत्तीसगढी राजभाषा दिवस येतो, तेव्हा छत्तीसगढी पुस्तकं चार दिवस पुढे सरकतात. 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन असतो, तेव्हा मराठी मंडळी येऊन ‘मराठीतलं काही आहे का’ असं विचारून जातात. जो लेखक एप्रिलमध्ये पुस्तक घेऊन येतो, त्याचं पुस्तक वह्यांखाली दबतं. तेच ऑक्टोबरमध्ये आणलं असतं तर त्याला निदान तीन महिने उजेड मिळाला असता.

मराठी लेखकाची तिच्यापुढे दुहेरी पंचाईत असते. इथला वाचक हिंदीत वाचतो. मराठी पुस्तकांचा खरा बाजार नागपूरला, म्हणजे अडीचशेहून अधिक किलोमीटर दूर. तिथल्या दुकानांत आधीच विदर्भातल्या लेखकांची दाटी. म्हणून भिलाईचा मराठी लेखक दोन्हीकडे उपरा ठरतो. हा एकटेपणा या भूमीला नवा नाही. मराठी मातृभाषेच्या माधवराव सप्रे यांनी जानेवारी 1900 मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केलं. तीन वर्षं तोटा सोसून ते 1902च्या अखेरीस बंद करावं लागलं. मराठी घरातलेच हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोध 1958 पासून शेजारच्या राजनांदगावात दिग्विजय महाविद्यालयात शिकवत होते. 11 सप्टेंबर 1964 रोजी ते गेले. त्यांचा पहिला स्वतंत्र कवितासंग्रह ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ त्याच वर्षी निघाला, पण तो दुकानाच्या फळीवर पाहायला ते उरले नव्हते. आणि पातळ पुस्तकांचं म्हणाल तर, राजनांदगावचेच विनोदकुमार शुक्ल यांचं पहिलं काव्यपुस्तक ‘लगभग जयहिंद’ 1971 साली आलं, तेही एक छोटी पुस्तिका म्हणूनच. ती काढली होती दुर्गमध्ये जन्मलेल्या अशोक वाजपेयी यांनी, ‘पहचान’ मालिकेत. शुक्लांना पुढे 2024चा ज्ञानपीठ पुरस्कार जाहीर झाला. पातळ पुस्तक मागे ढकलताना फळीने हे लक्षात ठेवावं.

स्वतःचं पुस्तक स्वतः काढण्यात कमीपणा मानणाऱ्यांनी जोतीराव फुल्यांची आठवण ठेवावी. 1873 साली ‘गुलामगिरी’ त्यांनी स्वतःच छापून प्रसिद्ध केली. आणि गल्ल्याशेजारच्या जागेचं मोल ज्यांना फार लवकर कळलं, त्यांत अमीश त्रिपाठींचं नाव घ्यावं लागेल. त्यांचं बालपण राउरकेल्याजवळच्या कांसबहालला गेलं, म्हणजे तेही पोलादाच्याच मुलखातले. अनेक प्रकाशकांनी नाकारल्यावर 2010 साली त्यांचं ‘द इम्मॉर्टल्स ऑफ मेलुहा’ त्यांच्या साहित्य-प्रतिनिधीने काढलं. अमीश यांनी पहिलं प्रकरण वेगळं छापून घेतलं आणि ते दुकानांच्या गल्ल्यावर फुकट वाटायला ठेवलं. वाचकाने फुकट घ्यायचं ते एक प्रकरण आणि विकत घ्यायचं ते सबंध पुस्तक. आपल्याकडे मात्र याच्या नेमकं उलट चालतं, आणि मला या फळीची बाजू मांडायची आहे ती इथे.

पुस्तक निघालं की एखाद्या मंडळाच्या सभागृहात प्रकाशन होतं. शाल, श्रीफळ, चार भाषणं आणि मग लेखक दारात उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात सही केलेली भेटप्रत ठेवतो. व्याही, शेजारी, जुने सहकारी, मंडळाचे पदाधिकारी, शाळेचे मुख्याध्यापक. प्रेमापोटी शंभर-दीडशे प्रती एका संध्याकाळी संपतात. स्वतःचं पुस्तक स्वतः काढणाऱ्याचे खरे गिऱ्हाईक हेच असतात. त्याला ओळखणारे, त्याचं लेखन वाचायला उत्सुक असलेले. दुकानात जाऊन नाव घेऊन पुस्तक मागतील अशी माणसं जगात एवढीच, आणि त्या सगळ्यांच्या घरी पुस्तक आधीच पोचलेलं असतं. आठवड्याने उरलेल्या दहा प्रती फळीवर येतात तेव्हा त्यांना विचारणारं कोणी शिल्लकच नसतं. तीन महिने जातात. एकही प्रत हलत नाही. फळी आपल्या हिशेबाने त्या मागे सरकवते, आणि लेखक घरी येऊन म्हणतो, ‘दुकानदार आमची पुस्तकं दाखवतच नाहीत.’

लेखक एकमेकांशी स्पर्धा करतात, हेही या फळीने पाहिलं आहे. एका मंडळातले दोन कवी वेगवेगळ्या दिवशी येतात आणि जाताना आपापलं पुस्तक हळूच वर ठेवून जातात. कोणाचा भाचा येऊन मामांचं पुस्तक गाइडच्या पुढे उभं करतो. त्यात वैर नसतं. आपलं नाव कोणाच्या तरी नजरेला पडावं, ही त्यामागची तळमळ असते, आणि मला ती आदराची वाटते. पण या सरकवासरकवीने काहीही साधत नाही. फळीवरची जागा टिकते ती खपाने. पहिल्या महिन्यात वीस जणांनी दुकानात जाऊन एखादं पुस्तक मागितलं, तर दुकानदार ते स्वतःच पुढे लावतो आणि आणखी प्रती मागवतो. मग ते पुस्तक एखाद्या अनोळखी माणसाच्या नजरेला पडतं. भेटप्रत ओळखीच्या माणसापर्यंत पोचते आणि तिथेच थांबते. फळीवरचं पुस्तक अनोळखी वाचकाकडे जाऊ शकतं, आणि लेखक लिहितो तो त्याच्यासाठी.

यावर मार्ग आहेत, आणि ते मराठी माणसाने पूर्वी चोखाळलेलेही आहेत. ‘ग्रंथाली’ने सत्तरच्या दशकात वाचकांनाच सभासद करून घेतलं आणि त्यांच्या बळावर 1978 साली ‘बलुतं’सारखं पुस्तक काढलं. जवळच्या रायपुरात 1981 साली गंगाधर गाडगिळांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. या मुलखात मराठी वाचक आहे, याची ती साक्षच होती. आज टपाल खात्याने मे 2025 पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केलं आहे. त्यात 300 ग्रॅमपर्यंतचं पुस्तक कर वगळता 20 रुपयांत देशभर जातं. भिलाईच्या लेखकाला अकोल्याच्या किंवा बेळगावच्या वाचकापर्यंत पोचायला हे पुरेसं स्वस्त आहे. शिवाय पुस्तक निघाल्यावर एक काम चुकवू नये. 1954च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने, आणि स्वतःच प्रकाशक असलेल्या लेखकानेही, तीस दिवसांच्या आत चार ठिकाणी एकेक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कनिमरा ग्रंथालय, मुंबईच्या टाऊन हॉलमधलं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. बाजारातली फळी पुस्तक परत करील. या चार ठिकाणी मात्र त्याची नोंद होईल आणि पन्नास वर्षांनीही कोणाला ते मागता येईल.

गल्ल्याशेजारच्या फळीची मात्र आपली एक गरज आहे, आणि ती कायद्याने भागणारी नाही. दुकानदारांना माझं सांगणं एवढंच, की तीन फुटांतली एक वीत गावातल्या लेखकांसाठी ठेवा, त्यावर तशी पाटी लावा आणि जाकडची वही नीट लिहा. लेखकांनी ठरलेल्या मुदतीत उरलेल्या प्रती स्वतःहून परत न्याव्यात, म्हणजे पुढच्याला जागा होईल. आणि प्रकाशनाच्या दिवशी भेटप्रत द्यायची ती गुरूंना, आईवडिलांना आणि ग्रंथालयाला. बाकीच्यांना दुकानाचा पत्ता द्यावा.

सगळ्यात मोठं काम मात्र तुमचं-आमचं. ओळखीच्या माणसाचं पुस्तक निघालं की ‘आम्हाला प्रत कधी देणार?’ असं विचारणं आपण सोडलं पाहिजे. त्याऐवजी दुकानात जा, त्याचं नाव घेऊन पुस्तक मागा, पूर्ण किमतीला घ्या. दोनशे रुपयांत मित्राच्या पुस्तकाला त्या फळीवर आणखी एक महिना मिळतो. लिहिणाऱ्याला शालीपेक्षा त्याची गरज जास्त आहे.