डागडुजी आणि जीर्णोद्धार

देऊळ जुने झाले की त्याचा जीर्णोद्धार होतो. घर जुने झाले की त्याची डागडुजी. शब्दांतला हा भेद आम्ही वर्गात अनेकदा सांगितला असेल. त्याची किंमत रुपयांत मोजण्याची वेळ मात्र गेल्या उन्हाळ्यात आली.

आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. जिवतीचे घर आमच्यापैकी एकाच्या वडिलांनी, म्हणजे दुसरीच्या सासऱ्यांनी, १९७८ मध्ये बांधले. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून जी कुटुंबे माणिकगडच्या डोंगरावर पोटासाठी आली, त्यांतले हे एक. माळवदाखाली वाढलेल्या या माणसांनी इथला पाऊस पाहिला आणि उतरते छप्पर स्वीकारले. सागाचे आठ खांब, मातीच्या जाड भिंती, वर कवेलू. छप्पर चांद्याचे आणि त्याखालची बोली मराठवाड्याची, असे ते घर. आता दोन खांबांना वाळवी लागली होती आणि मागच्या भिंतीने पोट काढले होते.

मिस्त्रींनी नव्या घराचा हिशोब उभ्या उभ्या सांगितला : सहाशे चौरस फूट, फुटाला सतराशे, एकूण १० लाख २० हजार. जुन्यासाठी मात्र ते बराच वेळ भिंती ठोकून पाहत राहिले आणि म्हणाले, "तीन लाख ऐंशी हजार धरा. पण सर, नव्याचा भाव सांगता येते. जुन्याचा खोलल्याशिवाय नाही सांगता येत." दुरुस्ती नव्याच्या निम्म्यावर गेली की घर पाडावे, हा त्यांचा नियम.

नव्याचा आकडाही दिसतो तितका सरळ नव्हता. जिवती तालुक्यात जमीन वनखात्याची की महसुलाची हा वाद जुना आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार बिगर-आदिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे, वास्तव्य दाखवावे लागते. दुष्काळाने आणलेली माणसे ते कोठून दाखवणार? पट्टा नाही, म्हणून गृहकर्ज नाही. पगारावरचे वैयक्तिक कर्ज बारा टक्क्यांनी घेतले असते, तर पाच वर्षांत सुमारे ३ लाख ४१ हजार रुपये नुसते व्याज गेले असते. आणि एवढे करून घर उभे राहणार, ते आपले असे कागदावर सांगता न येणाऱ्या जमिनीवर.

शेजारच्या वस्तीत या प्रश्नाला पर्यायच नाही. इंदिरा आवास योजनेत कच्च्या घराच्या सुधारणेलाही थोडी रक्कम मिळे. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत सपाट प्रदेशात १ लाख २० हजार आणि डोंगराळ, दुर्गम भागात १ लाख ३० हजार मिळतात, ते नव्या पक्क्या घरासाठी. साहजिकच चांगली मातीची भिंतही पाडली जाते. डोंगराखाली गडचांदूरच्या परिसरात चुनखडी खणून सिमेंट होते आणि तेच घाट चढून वर येते. मे महिन्यातल्या रात्री त्या स्लॅबखाली कोणाला झोप लागत नाही. माणसे अंगणात बाजा टाकतात.

एवढा युक्तिवाद जमवून आम्ही दुरुस्तीचा निर्णय आईंना सांगितला. त्या म्हणाल्या, "तुम्हाला जुनं घर आवडतं, कारण तुम्ही त्यात राहत नाही."

आम्ही गप्प झालो. दर आठवड्याचे सारवण, पावसाआधी कवेलू फेरणाऱ्यांच्या मागे लागणे, रात्री गळतीखाली भांडी मांडणे : यांपैकी काहीही आमच्या हिशोबात नव्हते, कारण त्याची मजुरी आम्ही कधी दिली नव्हती. त्यांना स्लॅब हवा होता, आणि तोही मोठेपणासाठी नव्हे. लहानपणीच्या माळवदावर डाळ वाळत असे, ते त्यांच्या मनातून गेले नव्हते. ज्याला आम्ही परंपरा समजत होतो, ती त्यांची नव्हतीच. ती दुष्काळाने केलेली तडजोड होती.

शेवटी खांब आणि छप्पर ठेवले, खाली शहाबादी फरशी घातली, आणि मागे स्वयंपाकघर व न्हाणीघर नवे बांधून त्यांवर छोटा स्लॅब टाकला. त्याचे १ लाख ६० हजार वेगळे. भिंत खोलल्यावर तिसरा खांबही पोकळ निघाला. त्याने आणखी ४१ हजार नेले. एकूण ५ लाख ८१ हजार. मिस्त्रींच्या नियमाप्रमाणे घर पाडायलाच हवे होते.

जीर्णोद्धार म्हणावा इतके ते भव्य नाही आणि डागडुजी म्हणावी इतके स्वस्त पडले नाही. यंदा तुरीची डाळ स्लॅबवर वाळली. वर जाणारा जिना मात्र आम्ही हिशोबात धरायला विसरलो होतो. आई अजून शेजाऱ्यांची शिडी मागून आणतात.