काकूंच्या ओव्या आणि माझे कान

चरोद्याला शांत रात्र नसते. हावडा-मुंबई मार्गावर दुर्ग आणि रायपूरच्या मध्ये हे गाव, आणि त्याला खेटून भिलाईचं मार्शलिंग यार्ड. रात्रभर वाघिणी एकमेकींना धडकतात, इंजिनं भोंगे देतात. एनसीसीच्या नेमणुकीवर इथे आलो तेव्हा बायको आठवडाभर झोपली नाही. मी मात्र पहिल्या रात्रीपासून गाढ झोपलो. तोफखान्यातल्या माणसाला आवाजाचं काय, असं मी तिला ऐटीत सांगितलं होतं. ती ऐट कशी उतरली, त्याची ही गोष्ट.

आमच्या गल्लीत एक निवृत्त सुभेदार साहेब राहतात. मूळचे सातारा जिल्ह्यातले. मुलगा रेल्वेत, म्हणून पेन्शनीनंतर इथेच राहिले. त्यांच्या पत्नीला, म्हणजे काकूंना, जात्यावरच्या शेकडो ओव्या पाठ. गावाकडचं जातं त्यांनी ट्रंकेबरोबर इथवर आणलंय. शेजारच्या छत्तीसगढी बायका त्याला ‘जांता’ म्हणतात आणि कधीमधी डाळ भरडायला येतात.

एकदा सुभेदार साहेब म्हणाले, “साहेब, तुम्ही ते रेकॉर्डिंगचं करता ना? हिच्या ओव्या धरून ठेवा. नातवंडांना मराठी वाचता येत नाही. आवाज तरी राहील.”

मला हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांचं काम आठवलं. या दोघांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर ओव्या गोळा केल्या. पुढे बर्नार्ड बेल त्यांना येऊन मिळाले आणि शंभर तासांहून जास्त ध्वनिमुद्रण झालं. हे बेल मूळचे तंत्रज्ञ. त्याआधी त्यांनी जेम्स आर्नोल्ड यांच्याबरोबर आपल्या गायकांच्या स्वराचा चढउतार आलेखावर उमटवणारं यंत्र तयार केलं होतं. म्हणजे ओवी आणि आलेख यांची गाठ जुनीच आहे.

एका रविवारी पहाटे बसलो. एक माइक काकूंच्या तोंडासमोर, दुसरा जात्याजवळ. काकू आधी लाजल्या. पण खुंटा हातात आला, पीठ पडायला लागलं आणि त्या मला विसरल्या. दीड तासात चाळीसेक ओव्या झाल्या. मधल्या काही लेकीच्या सासरच्या होत्या. तेव्हा सुभेदार साहेब उठून अंगणात गेले.

पुढच्या तीन संध्याकाळी हेडफोन लावून मी दोन्ही ट्रॅक जुळवले. काकूंचा आवाज मला जात्याच्या घरघरीत बुडाल्यासारखा वाटत होता, शब्द धूसर. म्हणून इक्वलायझरवर वरच्या पट्ट्या चढवत गेलो. शब्द स्वच्छ ऐकू येऊ लागले तेव्हा थांबलो आणि फाइल पाठवून दिली.

दोन दिवसांनी सुभेदार साहेब दारात. “साहेब, वाईट वाटून घेऊ नका. पुण्याची लेक म्हणते, आईचा आवाज टोचतोय. ‘स’ आला की फोन लांब धरावा लागतो.”

मी फोनच्या स्पीकरला दोष दिला. मग माझ्या बायकोने ऐकलं आणि काही न बोलता हेडफोन काढून ठेवले. तेव्हा म्हटलं, आता कानाचं नको, डोळ्यांनी बघू.

ऑडॅसिटी या मोफत प्रणालीत ध्वनीचा आलेख काढायची सोय आहे. यालाच फ्रीक्वेन्सी अ‍ॅनालायझर म्हणतात. आडव्या रेषेवर वारंवारता हर्ट्झमध्ये, उभ्या रेषेवर जोर डेसिबलमध्ये. कुठलाही गुंतागुंतीचा आवाज साध्या लहरींत फोडता येतो, हे फूरियेचं गणित १८२२ मध्ये छापलं गेलं. ते संगणकाला झटपट जमावं अशी रीत कूली आणि ट्यूकी यांनी १९६५ मध्ये मांडली. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी लागते. सेकंदाला ४४,१०० नमुने असतील आणि एका वेळी १,०२४च तपासले, तर आलेखाची एक पायरी ४३ हर्ट्झची पडते, आणि खालचे सूर एकमेकांत मिसळतात. १६,३८४ नमुने घेतले की पायरी पावणेतीन हर्ट्झच्या आत येते. मी मोठा आकडा घेतला.

पहिलं दिसलं ते ५० हर्ट्झवर उभं राहिलेलं टोक, आणि १०० व १५० वर त्याची पिल्लं. ही विजेची गुणगुण. रेल्वेची वरची तार २५,००० व्होल्टची आणि तीही ५० हर्ट्झचीच, म्हणून मी लगेच यार्डावर संशय घेतला. मग लॅपटॉपचा चार्जर काढून दोन मिनिटं मोकळ्या खोलीचं रेकॉर्डिंग केलं. टोक गायब. चोर घरातच होता.

दुसरं, जात्याचा जोर बहुतेक २०० हर्ट्झच्या खाली होता, आणि काकूंचा मूळ सूर २२० च्या आसपास. म्हणजे जात्याच्या ट्रॅकचा २०० च्या वरचा भाग थोडा उतरवला असता तर आवाजाला आपोआप वाट मिळाली असती. वरच्या पट्ट्यांना हात लावायची गरजच नव्हती.

तिसरी गोष्ट बघून मी खुर्चीत मागे टेकलो. मूळ रेकॉर्डिंगचा आलेख वर जाताना टेकडीसारखा सावकाश उतरत होता. माझ्या मिक्समध्ये साडेतीन ते पाच हजार हर्ट्झच्या मध्ये एक उंटाची पाठ उभी होती. सात डेसिबल. म्हणजे तिथे मी आवाजाची ऊर्जा जवळजवळ पाचपट केली होती, आणि माझ्या कानांना ते ‘आत्ता बरोबर’ वाटलं होतं.

बायको म्हणाली, “तुमच्या घड्याळाचा अलार्म रोज पाचला वाजतो. बंद मी करते. तुम्ही म्हणता आपोआप जाग येते.” असल्या घड्याळांची पिपाणी साधारण चार हजार हर्ट्झचीच असते.

फौजी वाचकांना पुढचं सांगायला नको. आपल्या मेडिकल कॅटेगरीतला ‘एच’ म्हणजे कान. तरुणपणी बोफोर्सच्या शेजारी कानात कापूस कोंबून उभे राहायचो. इअर मफ घातले की कमांड ऐकू येत नाही, असं आपणच एकमेकांना सांगायचो. वार्षिक तपासणीत ६१० सेंटीमीटरवरून कुजबुज ऐकायची असते. गेली काही वर्षं मी ती अर्धी ऐकत होतो आणि अर्धी अंदाजाने भरत होतो. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. बढतीच्या वयात कोण सांगतो?

पुढच्या आठवड्यात मी स्वतःहून सैनिकी रुग्णालयात गेलो. ऑडिओग्राम निघाला. २५० ते २,००० पर्यंत ठीक, ४,००० ला दोन्ही कानांत खड्डा, ८,००० ला पुन्हा थोडी चढण. डॉक्टर मेजर बाई शांतपणे म्हणाल्या, “सर, हा तोफेचा सही-शिक्का आहे. आतल्या केसपेशी पुन्हा उगवत नाहीत. उरलेल्या जपा.” कॅटेगरीचं जे व्हायचं ते होईल. कागद पुढे गेलेत.

काकूंच्या ओव्या मी नव्याने जुळवल्या. तोफेजवळच्या गनरला लक्ष्य दिसत नाही. पुढच्या ओपीमधून दुरुस्ती येते आणि तो निमूट लावतो. तसा या वेळी आलेख माझी ओपी होता. पण आलेखाला उंची कळते, माया कळत नाही. म्हणून सुभेदार साहेबांच्या बारा वर्षांच्या नातीला शेजारी बसवलं. मी खालची बाजू सांभाळली, दोन हजाराच्या वर तिने सांगितलं तसं केलं. एका ओवीच्या शेवटी ती म्हणाली, “अंकल, इथे आजी श्वास घेते, ते कापू नका.” मला तो श्वास ऐकू येत नव्हता. तिच्या भरवशावर ठेवला.

लेकीचा पुण्याहून फोन आला तो सुभेदार साहेबांना. ती बोलली काहीच नाही, बराच वेळ रडली, एवढंच त्यांनी सांगितलं.

मित्रहो, ज्यांनी तोफेजवळ, रणगाड्यात, फायरिंग रेंजवर वर्षं काढलीत, त्यांना विनंती. घरच्यांनी “टीव्हीचा आवाज कमी करा” म्हटलं की चिडू नका. एकदा कानांचा आलेख काढून घ्या.