चालत वाजवायची विद्या

मेनरोडवर धुमाळ पॉइंटच्या वळणाशी उभे राहिले की समोरून येणारा बँड चांगला की बेताचा, हे लगेच कळते. सरळ रस्त्यावर सगळेच बरे वाजवतात. वळणावर मात्र आतल्या कडेच्या वादकाला जागच्या जागी कदमताल करावा लागतो आणि बाहेरच्या कडेच्याला लांब ढांगा टाकाव्या लागतात. तरीही दोघांचा डावा पाय एकाच ठोक्यावर पडायला हवा, ओळ मोडता कामा नये आणि धून तुटता कामा नये. लग्नाच्या बँडकडून कुणी एवढी अपेक्षा ठेवत नाही. ते वळणापाशी गोळा होतात आणि पुढे गेल्यावर पुन्हा रांग धरतात. नाशिकरोडच्या तोफखाना केंद्रात जवानांच्या शपथविधीच्या संचलनाला वाजणारा बँड पाहिला की दुसरी तऱ्हा काय असते ते समजते. अख्खी चौकट कोनातून फिरते आणि क्लॅरिनेटचा सूर जिथे होता तिथेच राहतो.

या वळणामागे एक माणूस असतो. त्याला बँडमास्तर म्हणतात. गायकांवर आपल्याकडे ढीगभर पुस्तके आहेत, तबलजींवर आहेत, हल्ली साथीच्या पेटीवाल्यांवरही लिहिले जाते. बँडमास्तराच्या वाट्याला लग्नपत्रिकेइतकाही कागद येत नाही. मला हे फार लागते, कारण त्याची विद्या सोपी नाही.

एकच गोष्ट घ्या. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मिनिटाला १२० पावलांच्या चालीत एक पाऊल अर्ध्या सेकंदाचे. पथकाची लांबी ३४ मीटर धरली, तर पहिल्या ओळीचा सूर शेवटच्या ओळीला पोचायला सेकंदाचा दहावा भाग, म्हणजे पावलाचा पाचवा हिस्सा लागतो. मागचा वादक नुसता कानावर विसंबला तर तो तेवढा मागे पडणार, आणि त्याचा सूर पुढच्यांच्या कानी यायला पुन्हा तेवढाच उशीर. चांगला कान असलेला मुलगा इथे जास्त फसतो. संगीताच्या प्रत्येक वर्गात ‘ऐका’ म्हणून शिकवतात. बँडमास्तराला ‘बघा’ म्हणून शिकवावे लागते. पुढच्याची टाच बघा, ड्रम-मेजरच्या हातातला दंड बघा, पाय चुकला नाही तर सूर चुकणार नाही. बेस ड्रम अगदी टोकाला न ठेवता पथकाच्या पोटात ठेवायचा, तो याचसाठी. ट्रॉम्बोनची नळी पुढे सरकते, ती कुणाच्या पाठीत बसू नये म्हणून ट्रॉम्बोनवाले बहुतेक पथकांत पहिल्या ओळीत चालतात. टाच आपटली की धक्का जबड्यापर्यंत जातो, ओठ हलतो, सूर थरथरतो. म्हणून पाऊल टाचेवरून बोटांपर्यंत गोलाकार टेकवायला शिकवायचे. श्वास कुठल्या पावलावर घ्यायचा तेही ठरवून द्यायचे, आणि शेजारच्याने त्याच पावलावर घेऊ नये हे पाहायचे. हे सारे तीस-चाळीस मुलांच्या अंगात भिनवायचे आणि ती तयार झाली की त्यांना निरोप द्यायचा.

अमेरिकेतल्या विद्यापीठांत या कामाला रीतसर प्राध्यापकाची जागा असते. इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठात १९०७ साली पॉल एम्रिक यांनी वाजवणाऱ्या मुलांना मैदानावर विद्यापीठाच्या आद्याक्षराच्या आकारात उभे केले. ते काम त्यांनी १९५४ पर्यंत सांभाळले. पण माझे मन ज्यांच्यापाशी घुटमळते ते विल्यम फॉस्टर. कॅन्सस सिटीत १९१९ साली जन्मलेला हा कृष्णवर्णीय मुलगा. सिंफनी ऑर्केस्ट्राचा संचालक व्हायचे त्याच्या मनात होते. कॅन्सस विद्यापीठातून तो १९४१ साली पदवीधर झाला, पण त्या काळात कृष्णवर्णीय माणसासमोर ऑर्केस्ट्रा बसवायला तिथे कुणी तयार नव्हते. १९४६ साली तो टॅलाहासीला फ्लोरिडा ए अँड एम या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात बँड चालवायला गेला. हाती सोळा मुले आली. १९९८ साली निवृत्त होईपर्यंत, म्हणजे ५२ वर्षे, फॉस्टर तिथेच राहिले. सोळांचे शंभर झाले आणि शंभरांच्याही पुढे गेले, तरी पथकाचे नाव ‘मार्चिंग १००’ हेच टिकले. गुडघे उंच उचलून चालणे, मध्येच थबकणे, वाजवता वाजवता नाचणे, हे त्यांनी कवायतीत आणले आणि सगळ्या देशाने उचलले. फ्रेंच राज्यक्रांतीच्या द्विशताब्दीला, १४ जुलै १९८९ रोजी, पॅरिसच्या संचलनात अमेरिकेच्या वतीने हे पथक चालले.

या आयुष्यातली मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट पॅरिस नव्हे. ५२ वर्षांत फॉस्टरांना दर चार वर्षांनी नवा बँड घडवावा लागला. गवयाचा शिष्य वीस वर्षे त्याच्यापाशी राहतो. बँडमास्तराचा उत्तम कॉर्नेटवाला पदवी घेऊन निघून जातो आणि त्याच्या जागी कॉर्नेट कुठल्या टोकाने फुंकायचा हे विचारणारे पोर येते. तक्रार न करता पुन्हा पुन्हा पहिल्या पावलापासून सुरू करणे ही एक प्रकारची साधनाच आहे.

आपल्या विद्यापीठांत ही जागा नाही. आंतरविद्यापीठ युवा महोत्सवात शास्त्रीय गायन असते, लोकवाद्यवृंद असतो, पाश्चात्त्य वाद्याचे एकल वादन असते, सुरुवातीला शोभायात्राही निघते. चालत वाजवणाऱ्या पथकाला त्या यादीत स्थान नाही. एनसीसीच्या बँडमध्ये मुले जातात, पण ती कवायतीसाठी. तिथे बँड हा संगीताचा विषय म्हणून कुणी शिकवत नाही.

आणि हे नाशिकमध्ये बसून लिहिताना जास्त खुपते, कारण या कामाला लागणारे बरेचसे सामान या जिल्ह्यात कधी ना कधी येऊन गेले आहे. मालेगाव तालुक्यातले कवळाणे घ्या. तिथला गोपाळ नावाचा शेतकऱ्याघरचा मुलगा १८७५ साली दत्तक जाऊन बडोद्याचा सयाजीराव झाला. त्याच्या राज्यात १८८६ साली मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सुरू झाली, तीही राजवाड्यातल्या मंडळींसाठी नव्हे, सामान्य घरच्या मुलांसाठी, वर्ग भरवून आणि स्वरलिपी छापून. राज्याच्या बँडचा युरोपीय बँडमास्तर फ्रेडिलिस याच्याकडे पुढे तिथल्या संगीतखात्याची सूत्रे आली आणि त्याने देशी वाद्यांचा वृंद बसवला. तीच गायनशाळा आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची संगीत-नृत्य-नाट्याची विद्याशाखा आहे. म्हणजे बँडमास्तर विद्यापीठाच्या उंबरठ्यापर्यंत एकदा येऊन पोचला होता, आणि त्याला तिथवर आणणारा राजा नाशिक जिल्ह्यातला. पुढे विद्यापीठ झाले, गायन राहिले, सतार राहिली, बँड मात्र आत आला नाही.

दुसरे नाव पलुसकरांचे. विष्णु दिगंबर उत्तरायुष्यात पंचवटीत रामनाम आधार आश्रमात राहिले. लाहोरला १९०१ साली त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले तेव्हा एका गुरूपुढे एक शिष्य ही रीत मोडून एका फळ्यापुढे पंचवीस मुले बसवली. जाणकारांनी त्यावर टीका केली, अजूनही करतात. वर्गात गवई घडत नाही हे खरेच असेल. पण पंचवीसजणांना एका वेळी, लिपीवरून, एका सुरात आणायचे हीच तर बँडमास्तराची रोजची गरज आहे. पलुसकरांनी जी पद्धत गाण्यासाठी झगडून उभी केली, ती तंतोतंत बँडला लागू पडते.

तिसरी वाट जिल्ह्याबाहेरची, गोव्याची. पोर्तुगीज काळात चर्चच्या गावशाळांतून मेस्त्री मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवत. ती मुले पुढे संस्थानिकांच्या, पोलिसांच्या, पलटणीच्या बँडांत भरती झाली आणि नंतर मुंबईच्या सिनेमाचा वाद्यवृंद त्यांच्याच खांद्यांवर उभा राहिला. मैहरच्या अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी तरुणपणी कलकत्त्यात व्हायोलिन घेतले ते लोबो नावाच्या गोवेकर बँडमास्तराकडून. त्याच खाँसाहेबांनी पुढे मैहरच्या अनाथ मुलांना गोळा करून बँड काढला आणि बंदुकीच्या नळ्या कापून नलतरंग नावाचे वाद्य बनवले. रविशंकर आणि अली अकबर यांचा गुरू अनाथ पोरांच्या पथकापुढेही तेवढ्याच निष्ठेने उभा राहत असे, हे सांगताना आपण घाई का करतो?

आज नाशिकमध्ये बँड शिकवणारा माणूस बहुधा पलटणीतून निवृत्त झालेला असतो. पचमढीच्या लष्करी संगीत शाळेत त्याचे शिक्षण झालेले असते, देशभरच्या छावण्यांत आयुष्य गेलेले असते आणि आता तो दोन-तीन शाळांत तासिकेवर जातो. १९३७ साली डॉ. बा. शि. मुंजे यांनी काढलेल्या भोसला मिलिटरी स्कूलमुळे आणि देवळालीच्या छावणीमुळे शहराच्या डोळ्यांना संचलनाची सवय आहे, त्यामुळे २६ जानेवारी जवळ आली की शाळाशाळांतून त्याला बोलावणे येते. २७ जानेवारीला वाद्ये कपाटात जातात.

असा एक तास मी मैदानाच्या कडेला उभे राहून पाहिला आहे. साइड ड्रमला हात लावू देण्याआधी मास्तरांनी पोरांना टायरपुढे बसवले होते. उजव्या हाताने दोन, डाव्या हाताने दोन, तोंडाने ‘मम्मी-डॅडी, मम्मी-डॅडी’. सुरुवातीला इतके संथ की मुले कंटाळून इकडे तिकडे बघू लागली. मास्तर वेग वाढवत गेले. मग एका क्षणी शब्द म्हणता येईनात, काठीची उसळी आपोआप दुसरा ठोका देऊ लागली आणि सुटे ठोके मिटून एकच सलग घरघर सुरू झाली. एका मुलाचे मनगट ताठ होते, त्याची काठी उसळत नव्हती. मास्तर त्याच्याजवळ गुडघ्यावर बसले, त्याच्या मुठीतली शेवटची तीन बोटे एकेक करून सैल केली आणि म्हणाले, “बेटा, धरायची नाही, सांभाळायची.” तो मुलगा गाण्याच्या परीक्षेत कदाचित कधीच बसला नसता. त्याचा गळा ठीकठाक असेल, घरी तानपुरा नसेल. बँडमध्ये मात्र त्याच्या घरघरीवाचून चाळीसजणांचे पाऊल उचलले गेले नसते.

म्हणून मला ढोलपथकांबद्दल आशा वाटते. नाशिक ढोल आता मुंबईत, पुण्यात आणि महाराष्ट्र मंडळांच्या मार्फत अमेरिकेतल्या गावांतही वाजतो. इंजिनिअरिंगच्या मुली कमरेला ढोल बांधून पाच-पाच तास उभ्या राहतात. त्यांना वाजवायची भूक आहे, शिस्तीचे वावडे नाही, पाने ताणून घेण्यापासून टोलगाडी ओढण्यापर्यंत सगळे त्या स्वतः करतात. त्यांना मिळत नाही तो शिकवणारा. दोन महिने एखादा जुना वादक पाच हात बसवून देतो, आणि पुढच्या वर्षी तेच पाच हात. मोठ्या आवाजाबद्दल लोक बोल लावतात, ते खोटे नाही. पण हळू वाजवणे ही शिकायची गोष्ट आहे आणि ती शिकवायला पूर्णवेळ माणूस लागतो.

नाशिकच्या एखाद्या महाविद्यालयाने हे मनावर घ्यावे. आपल्याकडे कनिष्ठ महाविद्यालय बहुतेक ठिकाणी त्याच आवारात असते, त्यामुळे अकरावीत आलेले मूल पाच वर्षे हाती राहते, अमेरिकेपेक्षा एक वर्ष जास्त. पहिले वर्ष नुसते पाय आणि टायर. दुसऱ्या वर्षी वाद्य आणि लिपी. तिसऱ्यापासून चालत वाजवणे, आणि सोबत संबळ, ताशा, ढोल यांना पितळी वाद्यांशेजारी कसे बसवायचे याचे प्रयोग. चौथ्या-पाचव्या वर्षी मुलांनी स्वतः चाली बांधाव्यात. मास्तरांना वेतनश्रेणी, कुलूप लागेल अशी कोरडी खोली, कारण आमच्या पावसात क्लॅरिनेटचे लाकूड फुगते, दरवर्षी रीडसाठी थोडे पैसे आणि वाद्यदुरुस्तीला मीरतच्या जली कोठीपर्यंत जाऊन येण्याचे भाडे. नेमणूक जूनमध्ये करावी, जानेवारीत नव्हे.