मुज़ाहमत

आम्ही नववीला सायन्स शिकवतो, तेही उर्दूतून. विजेचा प्रवाह म्हणजे आमच्या फळ्यावर ‘बर्क़ी रौ’ आणि रोध म्हणजे ‘मुज़ाहमत’. ओमचा नियम पोरांकडून घोकून घेण्यात आमची हयात चालली आहे. गाडीचं बॉनेट मात्र आम्ही कधी उघडलं नव्हतं.

आमच्या धाकट्या भावाने कर्ज काढून एक जुनी परदेशी गाडी घेतली होती. नवऱ्या मुलांना मिरवायची, भाडं घ्यायचं. या गाडीला स्प्रिंगऐवजी रबरी हवेचे फुगे. कॉम्प्रेसर हवा भरतो, चाकाजवळचे सेन्सर उंची मोजतात आणि कॉम्प्युटर व्हॉल्व्ह उघडतो-मिटतो. 27 जुलै 2019 ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, हजारावर प्रवासी बाहेर काढावे लागले, ते सर्वांना आठवत असेल. त्याच रात्री उल्हास नदीचं पाणी भावाच्या गाडीच्या दारापर्यंत आलं होतं.

पाणी ओसरलं, गाडी चालली. डिसेंबरात मात्र एका सकाळी ती मागून बसली. सजदा केल्यासारखी, फक्त उलटी! रविवारी अंबरनाथला बारात होती, ॲडव्हान्स घेऊन झाला होता. एका मोठ्या गॅरेजवाल्याने सांगितलं, कॉम्प्रेसर बदला, फुगेही बदला. आकडा ऐकून भावाने आमच्याकडे पाहिलं. मास्तराच्या पगाराकडे असं पाहू नये.

कुणीतरी उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातल्या एका वायरमनचं नाव सांगितलं. गेलो, तर तो आमचाच विद्यार्थी निघाला. नववीत नापास झालेला. त्याच्या अब्बांना आम्हीच सांगितलं होतं, “याला कामाला लावा, याच्या डोक्यात काही शिरत नाही.” त्याने स्टूल पुसून पुढे केलं. “बसा सर.” आम्ही बसलो खरे, पण नीट बसवेना.

त्याने आधी फुग्यांवर, नळ्यांवर साबणाचं पाणी मारलं. बुडबुडे नाहीत. फ्यूज ठीक. रिले बदलून पाहिला, तेच. स्कॅनर म्हणत होता, हवेचा दाब वेळेत भरत नाही. “इथेच लोक कॉम्प्रेसर बदलतात,” तो म्हणाला. गाडीखाली जाण्याआधी त्याने घोड्या लावल्या. ही गाडी जॅकच्या भरवशावर ठेवायची नाही, हवा गेली तर माणूस खाली चिरडतो.

मग त्याने मीटर लावला. बॅटरीवर 12.4 व्होल्ट. कॉम्प्रेसर बंद असताना त्याच्या वायरवरही तेवढेच. आमच्या हिशेबाने वायर निर्दोष सुटली. तो हसला. “सर, रिकाम्या वायरवर नका जाऊ. लोड देऊन बघा.” त्याने कॉम्प्रेसर सुरू केला, मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं कॉम्प्रेसरच्या अर्थला. तिथे जवळपास शून्य यायला हवं होतं. आले 3.6. करंट 18 अँपिअर.

आमच्या तोंडून आपोआप निघालं, “3.6 भागिले 18. झिरो पॉइंट टू ओम.”

“हां सर, वही. मुज़ाहमत.”

दाराच्या पट्टीखाली अर्थचा बोल्ट होता, हिरवागार गंजलेला. पुराचं पाणी तिथे महिनोन् महिने काम करत बसलं होतं. कॉम्प्रेसरला कशीबशी पावणेनऊ व्होल्ट मिळत होती. तो दमायचा, दाब भरायचा नाही आणि कॉम्प्युटर त्याला बंद करायचा. फुग्यातली हवा रोज थोडी कमी होतेच, ती भरून काढायला कुणी उरलं नव्हतं. पोराने बोल्ट काढला, पत्रा घासून चकचकीत केला, नवा लग दाबला, वर ग्रीस लावलं. गाडी हळूहळू उठली. भावाने “अल्लाह तेरा शुक्र” म्हणत डोळे पुसले.

मजुरी त्याने भावाकडून घेतली, आम्ही खिशात हात घातला तो धरला. आम्हाला त्याच्या अब्बांची चौकशी करायची होती. ते वारले, हे त्यानेच सांगितलं.

निघताना आम्ही तो गंजलेला लग मागून घेतला. सोमवारी नववी ब ला मुज़ाहमतचाच धडा होता.