बटाटा, रताळे आणि उपवासाचे ताट (धागा)

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी पुण्यामुंबईच्या भाजीबाजारात रताळ्यांचे ढीग लागतात. एरवी टोपलीच्या कोपऱ्यात पडून राहणाऱ्या या मातकट, तांबूस मुळाला वर्षातून दोनतीनदाच असा मान मिळतो: महाशिवरात्रीला, आषाढीला, कार्तिकीला. करमाळ्याकडचा माल त्या दोन दिवसांत हातोहात खपतो. शेजारी बटाटा असतोच. त्याला सणावाराची वाट पाहावी लागत नाही. दुसऱ्या दिवशी घरोघरच्या ताटात खिचडी किंवा वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी यांच्या बाजूला तोंडी लावायला हेच दोघे येतात. जिऱ्याची फोडणी दिलेली बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस, पाकात घोळलेले रताळ्याचे काप.

या ताटाला आपण निःशंकपणे परंपरेचे ताट म्हणतो. व्रत जुने आहे, यात वाद नाही. ताट मात्र तितके जुने नाही, आणि त्यातील गंमत पदार्थांइतकीच त्यांच्या नावांत दडलेली आहे.

आरंभ नियमापासून करावा लागतो. उपवासाला वर्ज्य असते ते ‘अन्न’, म्हणजे मुख्यतः धान्य. नांगरलेल्या जमिनीत पेरून, कापून, मळून मिळवलेला दाणा त्या दिवशी नको. कंद, मुळे, फळे आणि दूध चालते. अरण्यात राहणाऱ्या तपस्व्याचा आहार गृहस्थाने एका दिवसापुरता स्वीकारावा, अशी ही कल्पना. अशा कंदांची आपल्याकडे वाण कधीच नव्हती. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात कंदवर्गाची जी यादी येते, तिच्यात विदारीकंद, शतावरी, शिंगाडा यांच्या पंक्तीला पिंडालुक, मध्वालुक, हस्त्यालुक, काष्ठालुक, शंखालुक आणि रक्तालुक अशी ‘आलुक’ कुळीची नावे ओळीने उभी आहेत.

येथे उत्साही वाचकाने जरा सावध राहावे. ‘आलुक’ म्हणजे आलू, आलू म्हणजे बटाटा, म्हणून सुश्रुताला बटाटा ठाऊक होता, अशी साखळी समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरत असते. ती पहिल्याच कडीला तुटते. आलुक हे खाण्याजोग्या कंदांचे जुने सामान्य नाव होते. बटाटा उत्तर भारतात आला तेव्हा त्या परक्या कंदाला हेच तयार नाव देण्यात आले. वस्त्र जुने, अंग नवे.

बटाट्याचे मूळ घर दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात, टिटिकाका सरोवराच्या परिसरात. तेथे हजारो वर्षे त्याची लागवड होत होती आणि केचुआ भाषेत त्याला ‘पापा’ म्हणत. रताळेही अमेरिकेचेच, पण उष्ण प्रदेशातले. कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांच्या भाषेत त्याचे नाव होते ‘बटाटा’.

होय, बटाटा हे मुळात रताळ्याचे नाव आहे.

कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर युरोपच्या ओळखीचे झाले ते रताळे, आणि त्यासोबत त्याचे ताइनो नाव. खरा बटाटा स्पेनमध्ये पोचायला १५७० चे दशक उजाडले. दोन्ही जमिनीखालची, दोन्ही पिठूळ, दोन्ही समुद्रापलीकडची. लोकांनी नावांची सरमिसळ केली. स्पॅनिशमध्ये ‘पापा’ आणि ‘बटाटा’ यांच्या संकरातून ‘पटाटा’ झाले, इंग्रजीत त्याचे ‘पोटॅटो’. पोर्तुगीजांनी ‘बटाटा’ हे नाव जसेच्या तसे ठेवले, पण पुढे ते बटाट्याला देऊन टाकले आणि रताळ्याला ‘गोड बटाटा’ अशा अर्थाच्या जोडनावावर भागवावे लागले. वनस्पतिशास्त्र मात्र मूळ मालकाला विसरले नाही. लिनियसने १७५३ मध्ये रताळ्याच्या शास्त्रीय नावात ‘बटाटास’ हा शब्द घातला आणि तो आजही तेथे आहे.

पोर्तुगीजांनी गोवा जिंकला १५१० मध्ये, म्हणजे खरा बटाटा स्पेनमध्ये पोचण्याच्या कितीतरी आधी. तेव्हा त्यांच्या जहाजांतून या किनाऱ्यावर जो पहिला ‘बटाटा’ उतरला असेल, तो रताळेच असणार. पुढच्या शतकातील पुराव्यांतही हाच घोळ आहे. जहांगीराच्या दरबारी आलेला इंग्रज वकील टॉमस रो याच्यासोबत एडवर्ड टेरी नावाचा पाद्री होता. त्याचा प्रवासवृत्तान्त १६५५ मध्ये छापला गेला. नूरजहानचा भाऊ आसफखान याने दिलेल्या मेजवानीत ‘पोटॅटो’ होते, असे त्यात येते आणि भारतातील बटाट्याचा पहिला उल्लेख म्हणून ते वाक्य सर्रास दाखवले जाते. परंतु त्या काळच्या इंग्रजीत हा शब्द रताळ्यालाही तितकाच लागू होता. आसफखानाच्या दस्तरखानावर रताळी असण्याचा संभवच अधिक.

मराठीत मग एक विलक्षण अदलाबदल झाली. रताळ्याचे जन्मनाव बटाट्याने नेले. निनावी झालेल्या रताळ्याला आसरा दिला एका देशी कंदाने. सुश्रुताच्या यादीतील शेवटचे आलुक, ‘रक्तालुक’, म्हणजे तांबड्याजांभळ्या रंगाचा कंद. त्यावरून ‘रताळू’ आणि ‘रताळे’. गुजरातीत रताळू म्हणजे आजही तो जांभळा कंदच, जो उंधियूत पडतो. आपल्या रताळ्याला तेथे शक्करिया म्हणतात. मराठीने तेवढे भान राखले नाही. त्या जुन्या जांभळ्या कंदाला आपण कोनफळ म्हणू लागलो आणि त्याचे वडिलोपार्जित नाव पाहुण्याच्या अंगावर घातले.

बटाटा महाराष्ट्रात रुजला तो प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकात. त्याला थंड हवा मानवते. १८२८-२९ च्या सुमारास गव्हर्नर माल्कम याच्या काळात महाबळेश्वरचे गिरिस्थान वसले. तेथील तुरुंगात चिनी कैदी ठेवलेले असत. त्यांनी तेथे भाजीपाल्याचे मळे फुलवले आणि त्यांत बटाटा महत्त्वाचा होता. पुढे पुणे जिल्ह्यात खेड, जुन्नर भागाने हे पीक उचलले. आजही आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठार पावसाळी बटाट्यासाठी प्रसिद्ध आहे. घरापासून हजारो कोस दूर डांबलेल्या त्या कैद्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. एकादशीच्या भाजीचा इतिहास लिहिताना त्यांच्यासाठी एक ओळ तरी राखून ठेवावी, इतके त्यांचे ऋण निश्चित आहे.

उरतो तो खरा प्रश्न: परदेशी, फिरंग्यांनी आणलेला पदार्थ व्रताच्या ताटात आला कसा? त्याला वाट करून दिली ती वर्गीकरणाने. नियम पदार्थांची नावे मोजत नव्हता, जात पाहत होता. धान्य नाही ना? जमिनीखालचे आहे ना? मग कंद. वनस्पतिशास्त्र सांगते की बटाटा हे फुगलेले खोड आहे आणि रताळे हे फुगलेले मूळ. एक वांग्याच्या कुळातला, दुसरे गारवेलीच्या. स्वयंपाकघराला या भेदाशी कर्तव्य नव्हते. कांदा जमिनीखालचा असूनही बाहेर राहिला, कारण त्याच्यावर तामसपणाचा जुना शिक्का होता. टोमॅटो हे फळ असूनही बहुतेक घरांत त्याला प्रवेश मिळाला नाही. मिरची मात्र बिनदिक्कत आत आली. म्हणजे तर्क होता, पण त्याला रुचीचीही संगत होती. आणि हा निवाडा बहुतांशी चुलीपुढे बसलेल्या बायकांनी केला असणार, कारण पान वाढण्याची वेळ त्यांच्यावर येत होती. कोथिंबीर चालते की नाही, हिरवी मिरची की लाल तिखट, साधे मीठ की सैंधव, यांवर आजही दोन घरांचे एकमत होत नाही, ते त्यामुळेच. हळद आणि मोहरी नको, यावर मात्र बहुतेकांचे जमते.

त्या निवाड्यातून जे पदार्थ घडले, ते बंधनातून आलेले असूनही कंगाल नाहीत. बटाट्याच्या भाजीत तुपात जिरे तडतडते, मिरचीचे तुकडे पडतात, उकडलेल्या फोडींवर दाण्याचे कूट, मीठ, चिमूटभर साखर आणि ओले खोबरे येते. हळदीविना ती पांढरीच राहते आणि तोच तिचा उपवासाचा वेष. रताळ्याच्या किसाला घाई खपत नाही. कीस हवेवर काळा पडतो म्हणून तो पाण्यात धरावा लागतो, पिळून तुपाजिऱ्यावर टाकावा लागतो आणि झाकण ठेवून मंद आचेवर वाफ आणावी लागते. या मंद आचेला कारण आहे. साधारण ६० ते ७५ अंश सेल्सिअसच्या टप्प्यात रताळ्यातील विकर पिष्टाची माल्टोज नावाची साखर करते. रताळे त्या टप्प्यात जितके रेंगाळेल, तितके गोड होते. चुलीच्या फुफाट्यात पुरून भाजलेल्या रताळ्याची सर कुकरमधल्या रताळ्याला का येत नाही, याचे उत्तर एवढेच.

उरलेले ताटही तपासून पाहावे. शेंगदाणा, मिरची आणि राजगिरा हे तिघेही मूळचे अमेरिकेचे. साबूदाणा ज्या कसाव्यापासून होतो तोही तिकडचाच. तमिळनाडूत सेलमच्या परिसरात त्याचा उद्योग उभा राहिला तो १९४० च्या दशकात. देहूत तुकोबांनी एकादशी केली तेव्हा आजच्या या खिचडीचे नावही नव्हते. त्यांचे व्रत त्यामुळे उणे ठरत नाही, आणि आजचेही नाही. (मराठीतील ‘उपास’ हा सर्वांत प्रसिद्ध विनोदी लेखही पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’मध्येच सापडावा, हा योगायोग रमणीय आहे. नावांचा न्याय झाला असता, तर ती रताळ्याची चाळ झाली असती.)

पाहुण्यांचे कौतुक करताना यजमानांची विचारपूस मात्र राहून जाते. सुरण, कोनफळ, करांदे, अळकुड्या हे या ताटाचे मूळ हक्कदार. बटाटा बारमाही, स्वस्त, सोलायला सोपा. त्याच्यापुढे खाजरा सुरण आणि कडवट करांदा टिकणे अवघडच होते. शहरातील अनेक मुलांनी करांदा पाहिलेलाही नाही. कोकणात मात्र हिवाळ्यात बाजाराच्या कडेला एखादी म्हातारी अजून पाटीत करांदे आणि मातीने माखलेली कोनफळे घेऊन बसते. कोनफळ कापले की आतून गर्द जांभळे निघते, आणि रक्तालुक हे नाव कोणत्या रंगावरून पडले असेल, ते त्या कापाकडे पाहिल्यावर कळते.