झोपलेली काडी

कलम बांधायला मी रत्नागिरीत शिकलो, बाबांच्या हाताखाली. आंब्याचं कोय कलम पावसाळ्यात बांधायचं. हवा दमट हवी, काडीचा डोळा फुगलेला हवा. पूर्व टेक्सासात मेहॉ या फळझाडाशी गाठ पडली आणि हाताची ही सवयच आड आली. पहिल्या वर्षी मी मेहॉच्याही फुगलेल्या डोळ्यांच्या काड्या घेतल्या. आठवड्यात त्यांना हिरवी टोकं आली, बाबांना फोटोही पाठवला. पण जोड धरायच्या आत सगळ्या वाळल्या.

मेहॉची काडी झोपेतच घ्यावी लागते. आता जानेवारीत, झाड उघडंबोडकं असताना, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या काड्या कापतो आणि ओलसर कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवतो. फेब्रुवारीत खुंटात रस चढू लागला की पाचर कलम. खुंट जागा, काडी झोपलेली, आणि दोघांच्या सालीखालचा हिरवा पदर निदान एका बाजूला तरी नेमका जुळलेला.

मेहॉ हा हॉथॉर्नच, सफरचंदाच्या कुळातला, काटेरी. बहुतेक हॉथॉर्न पानगळीच्या सुमारास पिकतात. याची बोराएवढी लाल, आंबट फळं एप्रिल-मेमध्येच पिकतात, म्हणून नावात ‘मे’. रानात तो नदीकाठच्या दलदलीत उभा असतो. फळं पाण्यावर पडून तरंगतात आणि लोक होडीतून जाळीने गोळा करतात. ते पाहून मीही पहिली रोपं सखल, पाणथळ कोपऱ्यात लावली. जगली, पण वाढ बेताचीच. उंचवट्यावर, निचऱ्याच्या जमिनीत आणि भर उन्हात लावलेली मात्र फळांनी वाकली. दलदल हे झाड सोसतं. तिथे ते सुखात असतं असं मला वाटत नाही.

भीती दोन गोष्टींची. झाड लवकर फुलतं, त्यामुळे मार्चमधली एखादी हिमकडाक्याची पहाट सगळा मोहोर जाळते. दुसरा तांबेरा. त्याची बुरशी रेड सीडरवर राहते आणि वसंतातल्या ओल्या वाऱ्याबरोबर मेहॉवर येते. फळांवर नारिंगी भुकटी धरते. माझ्या कुंपणाजवळचे दोन सीडर मी तोडले. तिसरा शेजाऱ्यांच्या हद्दीत आहे, त्यांच्या आजोबांनी लावलेला. तो तोडा म्हणायला जीभ रेटत नाही.

फळांची जेली करतो. रस कापडातून आपोआप गळू द्यायचा, पिळायचा नाही, नाहीतर जेली गढूळ होते. कवठाच्या जेलीला आई हेच सांगायची. मे महिन्यात रात्रभर आमच्या स्वयंपाकघरात तो थेंब थेंब टपकत असतो.